तपासनिसाचा भाऊ

"किती खुर्च्या टाकू, उस्ताज?" मांडववाल्या अतियाने इस्मत अल-खूलीला विचारलं. बायकोला दुपारी मातीआड करून तो नुकताच परतला होता. कबरस्तानात सोबत चार माणसं होती, त्यातली दोन मजुरीची. संध्याकाळी दुखवट्याला किती येतील याचा अंदाज त्याच्याइतका अचूक नाईलकाठच्या झिफ्ता गावात दुसऱ्या कोणाला बांधता आला नसता. आकडे तपासण्यातच त्याचा जन्म गेला होता.

"शंभर," तो म्हणाला.

अतियाने मान खाजवली. "पंचवीस टाकतो. लागल्याच तर गोदाम इथेच आहे. रिकाम्या खुर्च्या वाईट दिसतात हो, उस्ताज. मी रोज बघतो ना."

"शंभर टाक. त्या इन्शिराहसाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत."

झिफ्त्यात लग्न चुकलं तर माणूस काहीतरी सबब सांगून मोकळा होतो. दुखवटा चुकवला तर ते नातवंडांच्या काळापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. मांडवाच्या तोंडाशी घरातले पुरुष एका रांगेत उभे राहतात, मुलगे, भाऊ, पुतणे, आणि येणारा प्रत्येक जण सगळ्यांचे हात हातात घेऊन पुढे जातो. रांग जितकी लांब तितकं घर भरलेलं. इस्मतला मुलगा नव्हता. एकुलती सहर अलेक्झांड्रियाहून आली होती आणि आत बायकांमध्ये बसली होती, बायका म्हणजे तिची सासू आणि फार्मसीवाल्या डॉक्टर मगदींची बायको. भाऊ मात्र होता. गलाल, धाकटा, तीन गल्ल्या सोडून राहणारा. पंधरा वर्षं झाली, दोघांत शब्द नव्हता. त्याने येऊन आपल्या उजव्या हाताला उभं राहावं, बाकी शंभरच्या शंभर खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालेल, असं इस्मतला त्या संध्याकाळी वाटत होतं. देवाजवळ त्याने एवढंच मागितलं होतं, आणि मागताना त्याला जरा लाजही वाटली, कारण दिवस बायकोचा होता.

पंधरा वर्षांपूर्वी इस्मत तंता शहरातल्या सरकारी कचेरीत कंपन्यांचा तपासनीस होता. रोज सकाळी सहाच्या गाडीने जायचा, दुपारी चारला परत. अंगात तोच राखाडी कोट, हातात तीच कातडी पिशवी. लाच कधी खाल्ली नाही, आणि न खाण्याचा तोराही मिरवला नाही, त्यामुळे त्याचं कोणाला फारसं कौतुकही नव्हतं. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात डोमिनो खेळायचा आणि हरला की मुकाट्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचा. माणूस बरा होता. थोडा कोरडा, पण बरा.

त्याच सुमाराला हाज्ज तोल्बा अल-बर्दीसी यांनी कोंबड्यांच्या खाद्याच्या वखारीत लोकांचे पैसे घ्यायला सुरुवात केली. शंभर गिनी ठेवा, महिन्याला दोन गिनी घ्या. बँकेत याच्या निम्मेही मिळत नव्हते, आणि बँकेतला कारकून रांगेत उभं करून आजोबांचं नाव विचारायचा, शिक्का आणला नाही म्हणून उद्या यायला सांगायचा. हाज्ज स्वतः उठून खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. महिन्याच्या एक तारखेला तपकिरी पाकीट हातात. एकदाही दोन तारीख झाली नाही. गोरगरिबांचं कफन त्यांच्या पैशाने, मशिदीचे पंखे त्यांचे. अशा माणसावर विश्वास ठेवू नये तर कोणावर ठेवावा? गावाने ठेवला. शिक्षकांनी भविष्यनिर्वाहाचा पैसा आणून दिला, बायकांनी बांगड्या मोडल्या.

मग तंत्याच्या कचेरीत हाज्ज तोल्बांची फाइल उघडली आणि ती इस्मतच्या टेबलावर आली. तपास संपेपर्यंत फाइल मोहोरबंद, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, तशी त्याने शपथेवर सही केली होती. नेमक्या त्याच आठवड्यात गलाल कुवेतहून कायमचा परत आला. आठ वर्षं तिथे लोकांच्या बाथरूमांत फरशा बसवून त्याने अठरा हजार गिनी जमवले होते आणि दोन्ही गुडघे कामातून घालवले होते. येताच तो भावाकडे जेवायला आला. इन्शिराहने मुलुखियाची पातळ भाजी केली होती, त्याची आवडती, लसणाच्या फोडणीची.

"अबीह," गलाल म्हणाला. थोरल्या भावाला तो लहानपणापासून तसंच म्हणायचा. "तू याच धंद्यातला. हाज्ज तोल्बांकडे ठेवू का पैसे?"

इस्मतच्या हातातला घास तसाच राहिला. आदल्या दिवशी तो फाइल वाचून आला होता. "माझ्याने या बाबतीत काही बोलवत नाही," तो म्हणाला.

"बोलवत नाही म्हणजे? मला कुठे कागदावर पाहिजे? हो की नाही, एवढंच सांग."

"इस्तिखारा कर."

आता हे नीट समजून घ्यायला हवं. मन ठरत नसलं की दोन रकात नमाज पढायची, देवाला विचारायचं, आणि मग स्वप्नात किंवा मनात जे येईल तो कौल मानायचा, ही आमच्याकडची रीत. पण वडीलधारी माणसं हा शब्द आणखी एका कामासाठी वापरतात. मुलगी नाकारायची आहे, भागीदारी नको आहे, तोंडावर नाही म्हणवत नाही, तर म्हणतात, इस्तिखारा कर. ऐकणारा काय ते उमजतो आणि विषय बदलतो. इस्मतला वाटलं, गलाल उमजला. शपथही मोडली नाही आणि भावालाही सावध केलं, असं मानून तो त्या रात्री निवांत झोपला.

गलाल आठ वर्षं परदेशात राहून आलेला, असल्या आडबोलण्याची सवय मोडलेला माणूस. त्याने हातपाय धुऊन वुजू केलं, दोन रकात पढल्या आणि उजव्या कुशीवर झोपला. स्वप्नात त्याला गुडघाभर बरसीमचं गवत दिसलं, हिरवंगार, आणि त्यात आपण अनवाणी चाललोय, गुडघे जराही दुखत नाहीत. याहून चांगला कौल कोणता? सकाळी दहा वाजता त्याने अठरा हजार हाज्ज तोल्बांच्या हातात ठेवले. भावाला ते कळलं तेराव्या दिवशी, तेही वखारीत, जमा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर.

त्या दिवशी इस्मत धान्य तपासायची पोकळ सळई घेऊन गेला होता. वखारीत पोत्यांच्या नऊ रांगा, पुस्तकात सगळा मका. पहिल्या रांगेतून मका आला. दुसऱ्या रांगेपासून पुढे भाताचा भुसा. नफा कुठून यायचा ते उघडच होतं: आज येणाऱ्याचे पैसे काल आलेल्याच्या पाकिटात. इस्मतने पुस्तकात भावाचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वडिलांच्या नावाची खात्री केली. मग खाली अहवालावर सही केली. सही रोजच्यासारखीच सरळ आली, याचं त्याला पुढे आयुष्यभर नवल वाटत राहिलं.

वखारीला सील लागलं, हाज्ज तोल्बांना नेलं. लोकांना कोर्टाकडून वर्षभराने शंभरातले बारा गिनी मिळाले आणि बाकीच्यापोटी जप्तीतल्या वस्तू. गलालच्या वाट्याला छताचे दोन पंखे आणि गॅसची एक शेगडी आली, शेगडीचं एक बटण गायब.

तो शेगडी घेऊन थेट भावाच्या दारात आला. "तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मी तुला सांगितलं होतं, गलाल."

"काय सांगितलंस? नमाज पढ म्हणून? इमामाने सांगावं तसं? मी तुझा भाऊ आहे की मशिदीत आलेला वाटसरू?"

"मी शपथ घेतली होती."

"आणि आई मरताना तिला काय कबूल केलं होतंस, मला सांभाळशील म्हणून? ती शपथ नव्हती?" एवढं बोलून त्याने शेगडी उंबऱ्यावर ठेवली आणि तो गेला. इन्शिराह दाराआडून ऐकत होती. "नाही हा एक शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का?" ती म्हणाली. तिने हे एकदाच विचारलं. इस्मतने स्वतःला किती वेळा विचारलं याची मोजदाद नाही.

गावाचं म्हणणं सरळ होतं. हाज्ज दर महिन्याला पैसे देत होते की नाही? देत होते. बंद कधी झाले? इस्मतने सही केली तेव्हा. मग पैसे कोणी बुडवले? भुशाची पोती त्याने चारचौघांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ज्याची बांगडी गेली त्याला भुसा कसला दाखवता? कॉफीच्या दुकानात तो बसला की डोमिनोचा डाव मोडायचा. कोणी भांडत नसे, प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवायचं. न्हावी त्याचे केस कापायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि न्हावी गप्प म्हणजे काय हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. बायकांच्या भिशीत इन्शिराहला कोणी घेईना. "तुझा नवरा आमच्या भिशीला पण टाळं लावेल, बाई," असं शेजारीण हसत म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. इन्शिराहसुद्धा हसली. घरी येऊन तिने दुपारभर कपडे धुतले, धुतलेलेच पुन्हा धुतले.

अशी पंधरा वर्षं गेली. इस्मत निवृत्त झाला. निरोपाला कचेरीने एक घड्याळ दिलं आणि साहेबांनी प्रामाणिकपणावर भाषण केलं. मग इन्शिराहची किडनी गेली. डायलिसिसच्या दीड वर्षात तिला बघायला डॉक्टर मगदी सोडून कोणी आलं नाही. शेवटी शेवटी ती खिडकीशी बसायची आणि कोण कोणाच्या घरी चाललंय ते त्याला सांगायची. "उम्म हानीकडे पाहुणे आलेत," म्हणायची. इस्मत म्हणायचा, "असतील." त्या दोघांच्या संसारात पाहुणे म्हणजे एवढेच उरले होते.

तर त्या संध्याकाळी, मगरीबच्या नमाजनंतर, इस्मत मांडवाच्या तोंडाशी एकटा उभा होता. कुराण पढणाऱ्या शेखने शंभर खुर्च्यांकडे पाहिलं, इस्मतकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्याचा आवाज भोंग्यातून साऱ्या गल्लीत जात होता, त्यामुळे आम्हाला कळलं नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं. अर्ध्या तासात सहा माणसं झाली. डॉक्टर मगदी, सहरचा नवरा, तंत्याच्या कचेरीतला एक म्हातारा शिपाई, आणि तिघे असे, जे रस्ता चुकल्यासारखे आले आणि बिनसाखरेची कॉफी संपवून गेले. सहरचा नवरा शेजारी उभा राहायला आला होता, पण त्याचा फोन सारखा वाजत होता, म्हणून इस्मतनेच त्याला बसायला सांगितलं.

मग गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली आणि हाज्ज तोल्बा उतरले. आठ वर्षं आत काढून त्यांना सुटून बराच काळ झाला होता. दाढी पांढरी झाली होती, हातात काठी आली होती, बाकी इस्त्रीचा पायघोळ गल्लाबिया तोच. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने धावत येऊन त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. या इस्त्रीवाल्याचे चार हजार त्यांनीच बुडवले होते.

हाज्ज सावकाश चालत आले, इस्मतचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "तिचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, उस्ताज इस्मत."

"तुमचं आयुष्य टिको," इस्मत म्हणाला. रीतीचे शब्द होते, आपोआप आले. हात मात्र त्याला काढून घ्यावासा वाटला आणि काढता आला नाही.

हाज्ज पहिल्या रांगेत बसले. आणि मग माणसं यायला लागली. आधी इस्त्रीवाला, मग न्हावी, मग कॉफीच्या दुकानातलं सगळं डोमिनोचं टोळकं, शाळेचे मास्तर, उम्म हानीचे दोन्ही मुलगे. प्रत्येक जण इस्मतचा हात घाईत धरायचा, पुढे जाऊन हाज्जचा हात सावकाश धरायचा. तासाभरात शंभर खुर्च्या भरल्या आणि अतिया गोदामातून आणखी वीस घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर आपला अंदाज चुकल्याचा आनंद होता.

शेवटी गलाल आला. गुडघ्यांमुळे फेंगडा चालत आला, हात पुढे न करता वळला आणि इस्मतच्या उजव्या बाजूला उभा राहिला, रांगेत, येणाऱ्यांकडे तोंड करून. पंधरा वर्षं ज्या खांद्याची त्याने वाट पाहिली तो खांदा आता त्याच्या खांद्याला लागत होता. तो रडला नाही, पण पुढच्या चार माणसांनी काय म्हटलं ते त्याला ऐकू आलं नाही. माणूस बायकोच्या मरणाच्या दिवशी सुखी झाला, हे लिहायला विचित्र वाटतं, पण झालं खरं तसंच.

निघताना हाज्ज तोल्बा मांडवाच्या तोंडाशी थांबले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "उस्ताज इस्मत, तुम्ही तुमचं काम केलंत. माझ्या मनात काही नाही. देवासमोर तुम्हाला माफ केलं."

मांडवात पुटपुट झाली. काय मन आहे माणसाचं, असं कोणीतरी म्हणालं. इस्मतच्या तोंडात आलं होतं, माफी कोणी कोणाला करायची? पण उजव्या हाताला गलाल उभा होता. "आलात, देव तुमचं भलं करो," एवढंच तो म्हणाला.

शेख निघून गेल्यावर दोघे भाऊ शेवटच्या दोन खुर्च्यांवर बसले. सहरने आतून चहा पाठवला, साखर घालून, काका गोड पितात हे तिला आठवत होतं. दोघं आईविषयी बोलले, गुडघ्यांच्या ऑपरेशनविषयी बोलले. गलाल दोनदा हसला. मग तो म्हणाला, "हाज्जनी स्वतः फोन केला, अबीह. सगळ्यांना केला. म्हणाले, मयताच्या घराशी वैर धरू नये, जा आणि भावाशेजारी उभा राहा."

"असं," इस्मत म्हणाला. "त्यांनी फोन केला नसता तर आला नसतास?"

गलाल पेल्यातली साखर चमच्याने ढवळत राहिला. "ते पुन्हा सुरू करतायत," तो म्हणाला. "कोंबड्यांची शेड, मन्सूराच्या रस्त्यावर. जुन्या लोकांना आधी घेणार, महिन्याला अडीच देणार. आधीचं नुकसान यातूनच भरून निघेल म्हणाले. आईकडून माझ्या वाट्याला आलेलं शेत मी विकलंय. उद्या सकाळी देऊन येतो."

त्याने काही विचारलं नव्हतं. शपथ नव्हती, फाइल नव्हती, कचेरीने दिलेलं घड्याळ तेवढं मनगटावर होतं. गप्प राहिलं तर उद्या आणि परवा, दुखवट्याचे उरलेले दोन्ही दिवस, भाऊ शेजारी उभा राहील. कदाचित ईदला जेवायला येईल. इस्मतने त्याच्या फुगलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"देऊ नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"देऊ नकोस, गलाल. एक पैसासुद्धा नको. त्या वेळी भुसा होता, या वेळी तोही नसेल. तो चोर आहे. मी पुस्तकं पाहिली आहेत."

गलालने पेला खाली ठेवला. "त्याने आज तुझी लाज राखली. शंभर माणसं उभी केली तुझ्या दारात."

"हो."

"आणि तू मांडव उतरायच्या आत त्याला चोर म्हणतोस. थोडं थांबायचं तरी होतंस."

"थांबलो होतो एकदा."

गलाल उठला. जाताना त्याने आत डोकावून सहरच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला आशीर्वाद दिला. भावाकडे त्याने पाहिलं नाही. उरलेले दोन दिवस मांडवाच्या तोंडाशी इस्मत एकटाच उभा राहिला, आणि त्याने हाज्जना काय म्हटलं हे तोवर गावभर झालं होतं.

गलालने पैसे दिले नाहीत. हे डॉक्टर मगदींनी सांगितलं. शेताचे पैसे त्याने पोस्टात ठेवले, जिथे वर्षाला काय मिळतं ते न बोललेलं बरं. इस्मत ते ऐकून फार्मसीच्या पायरीवरच बसला, आणि डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब तपासला.

शेड चालू होऊन आता चौदा महिने झाले. इस्मतने कैरोच्या मोठ्या कचेरीला तीन पत्रं लिहिली, तिन्हींचे आवक क्रमांक त्याच्याकडे आहेत, उत्तर एकाचंही नाही. हाज्ज तोल्बा एक तारखेला पैसे देतात, एकदाही दोन तारीख झालेली नाही. इस्त्रीवाल्याने नवीन यंत्र घेतलं, उम्म हानीच्या धाकट्याचं लग्न झालं. दर महिन्याच्या एक तारखेला गलाल कॉफीच्या दुकानात बसून लोकांची पाकिटं बघतो आणि मोठ्याने म्हणतो की सख्ख्या भावाने आपल्याला दोनदा बुडवलं. हे बोलणं त्याच दिवशी इस्मतच्या कानावर येतं.

इस्मत खिडकीशी बसतो, इन्शिराहच्या खुर्चीत. गलाल कधी येईल हे त्याला ठाऊक आहे. ज्या महिन्यात लोकांना पाकीट मिळणार नाही, त्या महिन्यात तो तीन गल्ल्या ओलांडून, फेंगडा चालत, या दारात येईल. पण त्याच दिवशी इस्त्रीवाला बुडेल, न्हावी बुडेल, उम्म हानीची नवी सून अंगावरच्या सोन्याला मुकेल. इस्मत पाच वेळा नमाज पढतो आणि प्रत्येक वेळी या सगळ्यांचं भलं मागतो. तरी महिना संपत आला की त्याची झोप उडते. एक तारखेला तो सकाळपासून खिडकीत बसून असतो, गल्लीतून ओरडाआरडा ऐकू येतोय का बघत, आणि तो ऐकू आला नाही की त्याला वाईट वाटतं.